'फोर्ट स्टिकीन' : एका युद्धकालीन मालवाहू जहाजाची सेवा आणि कापसाच्या गाठी

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाचा अभ्यास करताना लढाऊ जहाजांची नावे विद्यार्थ्यांना सहज आठवतात. मालवाहू जहाजांची नावे मात्र कोणी लक्षात ठेवत नाही. वस्तुतः तोफेला गोळा, सैनिकाला अन्न आणि विमानाला इंधन पुरविण्याचे काम याच जहाजांनी केले. अशाच एका जहाजाचा शेवट शुक्रवार, १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झाला आणि त्याबरोबर शहराचा एक भाग उद्ध्वस्त झाला. त्या जहाजाचे नाव 'फोर्ट स्टिकीन'.

समुद्रापासून दूर असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना या जहाजाशी आपला काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. १९४४ मध्ये हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाला स्वतःचा समुद्रकिनारा नव्हता. परंतु या जहाजाच्या नाशात ज्या वस्तूने निर्णायक भूमिका बजावली, ती वस्तू या जिल्ह्याच्या काळ्या मातीत दरवर्षी पिकते. ती वस्तू म्हणजे कापूस. जिनिंग-प्रेसिंगमध्ये बांधलेली गाठ ज्याने पाहिली आहे, त्याला या दुर्घटनेचे मर्म समजण्यास वेळ लागत नाही.

ही दुर्घटना 'कोणाच्या तरी विडी-सिगारेटमुळे' झाली, असे एका वाक्यात सांगितले जाते. ते कारण चुकीचे नसले तरी अपुरे आहे. जहाजाची सेवा-नोंद क्रमाने वाचली म्हणजे असे दिसते की, प्रत्येक टप्प्यावर युद्धाच्या निकडीमुळे एकेक नियम बाजूला ठेवला गेला. त्यातील प्रत्येक सवलत स्वतंत्रपणे पाहिली तर क्षम्य वाटते. त्या सर्व सवलती एका ठिकाणी आल्या तेव्हा अनर्थ झाला.

जहाजाची जात

१९४० पासून जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची व्यापारी जहाजे मोठ्या संख्येने बुडविण्यास सुरुवात केली. बुडालेल्या जहाजांची जागा भरून काढण्यासाठी एकाच नमुन्याची, साध्या यंत्रांची आणि लवकर बांधून होणारी जहाजे हवी होती. ब्रिटनमधील संडरलंड येथे तयार झालेल्या आराखड्यावरून कॅनडात अशी जहाजे बांधण्यात आली. ब्रिटनच्या सेवेसाठी दिलेल्या जहाजांना 'फोर्ट' अशी नावे मिळाली. कॅनडा व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील जुन्या किल्ल्यांची व व्यापारी ठाण्यांची ही नावे होती. फोर्ट स्टिकीन हे हडसन्स बे कंपनीचे असेच एक जुने ठाणे, ते आजच्या अलास्कातील रँगेल येथे होते.

'फोर्ट स्टिकीन' १९४२ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्स रूपर्ट येथे बांधले गेले. या जातीचे जहाज सुमारे ४४० फूट लांब व ५७ फूट रुंद असे. वाफेच्या यंत्रावर त्याचा वेग ताशी सुमारे ११ नॉट, म्हणजे अंदाजे २० किलोमीटर होता. अमेरिकेच्या उधार-उसनवार योजनेखाली ते ब्रिटनच्या युद्ध वाहतूक मंत्रालयाकडे आले आणि पोर्ट लाइन या जहाज कंपनीकडे त्याचे व्यवस्थापन सोपविण्यात आले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नौदलाचे मालवाहू जहाज थेट नौदलाच्या हुकमतीखाली चालते. 'फोर्ट स्टिकीन' हे तसे नव्हते. त्यावरील खलाशी व्यापारी नौकेचे होते. मात्र जहाज कोठे जाईल, काय भरेल आणि कोणत्या तांड्यातून प्रवास करील, हे सरकार ठरवीत असे. म्हणजे माल युद्धाचा, हुकूम सरकारचा आणि जबाबदारी एका नागरी कप्तानाची, अशी ही व्यवस्था होती. कप्तानाचे नाव अलेक्झांडर नेस्मिथ.

टनाचे दोन अर्थ

जहाजांविषयीच्या लिखाणात 'टन' हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि विद्यार्थ्यांचा तेथे गोंधळ होतो. 'फोर्ट स्टिकीन'चे नोंदणीकृत टनेज ७,१४२ होते. हे वजन नसून आकारमान आहे. नोंदणीच्या हिशेबात १०० घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन. म्हणजेच या जहाजात सुमारे ७ लाख १४ हजार घनफूट जागा होती. जहाज प्रत्यक्ष किती वजन वाहून नेऊ शकते हा वेगळा आकडा असतो. या जातीच्या जहाजांच्या बाबतीत तो सुमारे १०,००० टन इतका होता. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

बर्कनहेड ते कराची

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी जहाजाने इंग्लंडमधील बर्कनहेड बंदर सोडले. जिब्राल्टर, पोर्ट सैद व सुएझ कालवा या मार्गाने ते कराचीला आले. त्याच्या पोटात सुमारे १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा होता. त्यात तोफगोळे, पाणतीर, सुरुंग वगैरे होते. यांपैकी सुमारे २३८ टन माल अतिसंवेदनशील वर्गातील होता. याखेरीज सोन्याच्या ३१ पेट्या होत्या. प्रत्येक पेटीत ४ याप्रमाणे एकूण १२४ विटा आणि प्रत्येक विटेचे वजन १२.७ किलो. सर्व मिळून हे सोने सुमारे १,५७५ किलो भरते. पेट्यांत बंद केलेली लढाऊ विमानेही होती.

विमानांच्या पेट्या कराचीला उतरल्या आणि जहाजात जागा मोकळी झाली. शांततेच्या काळात स्फोटके भरलेल्या जहाजाची रिकामी जागा रिकामीच ठेवली गेली असती. युद्धात जहाजांची टंचाई इतकी होती की, एक कोपराही रिकामा नेणे परवडणारे नव्हते. म्हणून कराचीला उपलब्ध असलेला माल भरण्यात आला. त्यात कापसाच्या गाठी, वंगण तेलाची पिंपे, इमारती लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ, तांदूळ व मासळीचे खत होते. या मिश्रणाला कप्तानाने हरकत घेतली, परंतु निकडीपुढे ती टिकली नाही. सवलतींपैकी ही पहिली.

गाठी किती होत्या?

कापसाच्या गाठींचा आकडा काही लिखाणात ८७,००० असा आढळतो, तर अन्यत्र ८,७०० असा. यापैकी कोणता खरा, हे ठरविण्यासाठी दप्तरखान्यात जाण्याची गरज नाही. साधा गुणाकार पुरेसा आहे.

त्या काळी गाठीचे प्रमाण वजन ३९२ पौंड, म्हणजे सुमारे १७८ किलो धरले जात असे. आज आदिलाबादच्या जिनिंगमध्ये गाठ १७० किलोची समजली जाते, म्हणजे फरक फारसा नाही. ८७,००० गाठींचे वजन सुमारे १५,५०० टन होते. जहाजाची एकूण वहनक्षमताच सुमारे १०,००० टन होती आणि त्यात स्फोटके, तेल, लाकूड व भंगारही होते. म्हणजे हा आकडा अशक्य ठरतो. ८,७०० गाठींचे वजन मात्र सुमारे १,५५० टन भरते आणि ते जहाजात सहज मावते. कोठेतरी एक शून्य जास्त लागले आणि पुढच्यांनी ते न तपासता उतरवून घेतले, असाच निष्कर्ष निघतो. छापील आकडा तपासून घेण्याची सवय विद्यार्थ्यांना लावण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

मुंबईच्या गोदीत

९ एप्रिलला कराची सोडून जहाज १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईला पोहोचले आणि व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागले. येथे आणखी दोन सवलती दिल्या गेल्या. एरवी स्फोटके असलेले जहाज बंदराच्या आत, वस्तीला लागून उभे केले जात नसे. त्याचा माल खोल पाण्यात पडावांवर उतरविला जाई. युद्धकाळात हा नियम शिथिल करण्यात आला होता. तसेच धोकादायक माल दर्शविणारा लाल बावटा जहाजावर चढविला गेला नाही. त्यामुळे शेजारच्या जहाजांना आपल्या बाजूला काय उभे आहे याची कल्पना नव्हती.

संवेदनशील स्फोटके पडावांवरच उतरवायची होती. ते पडाव वेळेवर मिळाले नाहीत. १४ तारखेच्या दुपारपर्यंत बहुतेक स्फोटके जहाजातच होती. माल भरण्याच्या कप्प्यांना होल्ड म्हणतात. त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डमध्ये तळाशी कापसाच्या गाठी होत्या आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर स्फोटके. चौथ्या होल्डमध्येही स्फोटकांचा मोठा साठा होता.

आग, कापूस आणि पाणी

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या जहाजांवरील काही जणांना 'फोर्ट स्टिकीन'मधून धुराची रेघ निघताना दिसली. त्यात त्यांना विशेष काही वाटले नाही. सुट्टी संपून हमाल परतले तेव्हा, दोन वाजण्याच्या सुमारास, दुसऱ्या होल्डमध्ये आग असल्याची आरोळी झाली. बंबवाले आले आणि पाणी सुरू झाले. सुमारे ९०० टन पाणी आत सोडण्यात आले, तरी आग विझली नाही आणि धुरामुळे तिचे मूळही सापडले नाही.

असे का झाले, हे कापसाच्या गुणधर्मांतून समजते.

पहिली गोष्ट अशी की, दाबलेल्या गाठीतही तंतूंच्या मध्ये हवा अडकून राहते. ठिणगी आत शिरली की ज्वाळा न दिसता गाठ आतल्या आत धुमसत राहते. बाहेरून विझलेली वाटणारी गाठ काही तासांनी, कधी काही दिवसांनी पुन्हा पेट घेते.

दुसरी गोष्ट म्हणजे, कच्च्या रुईच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. म्हणूनच रुई ताबडतोब भिजत नाही. वरून ओतलेले पाणी गाठीच्या अंगावरून ओघळते आणि गाभ्यातील निखाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. औषधाच्या दुकानातील कापूस पाणी शोषतो, कारण त्यावर प्रक्रिया करून हे मेण काढलेले असते.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक ठरली. गाठ पाण्यावर तरंगते. होल्डमध्ये पाणी चढू लागले तशा जळत्या गाठी त्यावर तरंगत वर गेल्या आणि वरच्या मजल्याच्या लोखंडी तळाला जाऊन भिडल्या. त्या तळावर स्फोटके होती. आग विझविण्यासाठी ओतलेले पाणीच आगीला स्फोटकांच्या जवळ घेऊन गेले. आतील पाणी उकळू लागले आणि जहाजाच्या बाहेरील पत्र्यावरचा रंग उष्णतेने फुगू लागला. त्या जागी पत्रा कापून थेट आगीच्या मुळाशी पाणी मारण्याचा प्रयत्न झाला, परंतु कापण्याचे यंत्र चालले नाही.

हुकूम कोणाचा?

धोका कोणालाच कळला नव्हता, असे म्हणता येत नाही. लष्कराच्या दारूगोळा विभागाच्या अधिकाऱ्याने जहाजातील मालाची यादी पाहून त्याची कल्पना दिली होती. जहाज बुडवावे, गोदीबाहेर ओढून न्यावे, की आहे तेथेच आग विझवावी, असे पर्याय चर्चेत होते. परंतु त्यांपैकी एक निवडून तो सर्वांना बंधनकारक करील असा एकही अधिकारी तेथे नव्हता. जहाज कप्तानाचे, गोदी बंदर प्रशासनाची, आग विझविण्याचे काम अग्निशमन दलाचे आणि दारूगोळा लष्कराचा. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत शक्य ते केले. संपूर्ण संकटाची हद्द मात्र कोणाचीच नव्हती. सुमारे दोन तास हातात असूनही गोदी व आसपासची वस्ती रिकामी झाली नाही.

साधारण ३ वाजून ५० मिनिटांनी ज्वाळा उसळल्या आणि जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. ४ वाजून ३४ मिनिटांनी चौथ्या होल्डमधील साठ्याचा दुसरा स्फोट झाला. कप्तान नेस्मिथ मृत्युमुखी पडले. अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावताना गेले.

हानी

पहिल्या स्फोटाने जहाजाचे दोन तुकडे झाले. कुलाबा वेधशाळेतील भूकंपमापकावर धक्क्यांची नोंद झाली आणि कंपने दूर शिमल्यापर्यंत नोंदली गेली. १२ किलोमीटरवरील घरांच्या काचा फुटल्या. जळता कापूस, तापलेले लोखंड व तेल यांचा वर्षाव मांडवी, मस्जिद बंदर या दाट वस्तीवर झाला. हजारो मण धान्याच्या वखारी जळाल्या, आणि तेही बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाला वर्षही झाले नसताना. मृतांच्या आकड्याबाबत एकमत नाही. सुमारे ८०० पासून १,३०० पर्यंत अंदाज दिले जातात. गोदीतील परप्रांतीय हमाल आणि फुटपाथवर राहणारे लोक यांची नोंदच कोठे नव्हती, हे या तफावतीचे एक कारण मानता येते. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले.

आसपासची दहाहून अधिक जहाजे बुडाली किंवा निकामी झाली. त्यांत याच जातीचे 'फोर्ट क्रेव्हियर' होते. सिंदिया कंपनीच्या 'जलपद्म' जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन धक्क्यावरील शेडवर जाऊन पडला. त्याच कंपनीचे 'अल् हिंद'ही या आगीत नष्ट झाले. या जहाजाची कहाणी वेगळी आहे. हज यात्रेच्या वाहतुकीत परकीय कंपन्यांची मक्तेदारी होती. ती मोडण्यासाठी सिंदियाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस 'अल् मदिना' आणि 'अल् हिंद' ही दोन जहाजे आणली. भारतीय मालकीच्या जहाजातून जेद्दाहला जाण्याची सोय त्यामुळे झाली. युद्ध सुरू झाल्यावर दोन्ही जहाजे युद्धकार्यात घेतली गेली. मार्च १९४४ मध्ये 'अल् मदिना' बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडविले आणि महिनाभरातच 'अल् हिंद' मुंबईत जळाले. एकाला शत्रूने बुडविले, दुसरे स्वकीयांच्या बंदरात गेले.

बातमी, चौकशी आणि नंतर

युद्धकालीन निर्बंधांमुळे या दुर्घटनेची सविस्तर बातमी भारतीय वर्तमानपत्रांना ताबडतोब छापता आली नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ती रोखून धरण्यात आली. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने मात्र १५ एप्रिललाच तपशील सांगितला. स्वतःच्या शहराचे वृत्त नागरिकांना शत्रूच्या केंद्रावरून ऐकावे लागले आणि घातपाताच्या अफवांना जोर आला.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. आयोगाने घातपाताची शक्यता मानली नाही. होल्डमध्ये कोणीतरी निष्काळजीपणे धूम्रपान केल्याने कापसाने पेट घेतला असावा, असा निष्कर्ष निघाला. नुकसानभरपाईसाठी १९४४ मध्येच सरकारने स्वतंत्र वटहुकूम काढला. सुमारे ८,००० माणसांनी सात महिने खपून जवळपास ५ लाख टन राडारोडा उपसला, तेव्हा गोदी पुन्हा कामास लागली. सोन्याच्या विटा पुढे अनेक वर्षे गाळात सापडत राहिल्या. जिवंत तोफगोळे तर २०११ मध्येही गाळ काढताना मिळाले.

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि १४ ते २० एप्रिल हा सप्ताह साजरा होतो. मुंबईत भायखळा येथील अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्या ६६ जवानांचे स्मारक आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन शिक्षकांना ही सेवा-नोंद अनेक विषयांत वापरता येण्यासारखी आहे. इतिहासाच्या वर्गात एका बातमीवर राज्यकर्ते आणि शत्रू यांनी कशी भिन्न भूमिका घेतली, हे दाखविता येते. भौतिक व रसायनशास्त्रात धुमसणे, तरंगणे आणि तंतूंवरील मेण यांचे साधे प्रयोग करता येतात. कच्च्या रुईचा व औषधी कापसाचा एकेक बोळा पाण्यात टाकला तरी फरक दिसतो. वाणिज्याच्या वर्गात टनेज, मालाची यादी आणि विमा यांचा परिचय देता येतो. गणितात गाठींचा हिशेब आहेच.

आदिलाबाद जिल्ह्यात या धड्याचा आणखी एक उपयोग आहे. कापसाच्या हंगामात बाजार आवारात गाड्यांच्या रांगा लागतात, जिनिंगच्या आवारात रुईचे ढीग पडतात आणि 'धूम्रपान करू नये' ही पाटी सर्वांच्या सवयीची होते. सवयीची पाटी वाचली जात नाही. अनेक विद्यार्थ्यांच्या घरची माणसे याच आवारात काम करतात. ती पाटी तेथे का आहे, गाठीवर नुसते पाणी ओतून समाधान का मानू नये, आणि रुईजवळ तेल किंवा रंगाचे डबे का ठेवू नयेत, हे विद्यार्थ्यांना कारणांसह समजले तर ते घरी सांगतील.

समारोप

'फोर्ट स्टिकीन'ची सेवा दोन वर्षांच्या आतबाहेरची होती. ज्या पाणबुड्यांच्या भीतीमुळे ते घाईने बांधले गेले, त्यांच्या तावडीतून ते सुखरूप सुटले. त्याचा नाश शत्रूने केला नाही. मिश्र माल, न चढविलेला बावटा, वस्तीलगतचा धक्का, उशिरा आलेले पडाव आणि वाटून गेलेला अधिकार, या प्रत्येकाला त्या वेळी काही ना काही सबब होती. सिगारेटचे थोटूक शेवटी पडले. ते पडण्यापूर्वीच बाकी सर्व तयारी झालेली होती. आपत्तीचा अभ्यास करताना 'कोणी आग लावली' या प्रश्नाबरोबर 'आग लागली तर हुकूम कोण देणार, हे आधी ठरले होते काय' हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर या जहाजाची नोंद वाचल्याचे सार्थक होईल.